आपत्तीत दुर्बलांच्या वाट्याला येणारा शासकीय निधी : सातारा-सांगलीचा अनुभव

प्रतिनिधी, सातारा

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावर ब्रह्मनाळ हे गाव आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुराच्या वेढ्यातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट तेथे उलटली आणि १७ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत महिला आणि लहान मुलांचा समावेश होता. आपत्तीत मृत्यू झाल्यास वारसांना किती रक्कम द्यावयाची, हे शासनाच्या निकषांत रुपयापर्यंत निश्चित केलेले आहे. परंतु ज्यांना स्वतःहून घराबाहेर पडता येत नाही अशा माणसांना पाणी चढण्यापूर्वी हलविण्यासाठी गावाच्या हाती किती निधी असावा, याचे उत्तर त्याच निकषांत शोधू गेल्यास 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' एवढेच शब्द सापडतात.

आपत्तीच्या काळात वृद्ध, अपंग, आजारी, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि निराधार यांच्यासाठी शासन कोणत्या वाटेने पैसा खर्च करते, त्याचे दर काय आहेत, तो पोहोचण्यास विलंब का होतो आणि कायद्याने कोणते हक्क दिले आहेत, याची माहिती सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या अनुभवाच्या आधारे येथे एकत्र दिली आहे.

दोन जिल्हे, नाना आपत्ती

एकाच जिल्ह्यात अतिवृष्टी आणि दुष्काळ असे दोन्ही प्रकार आढळणारे प्रदेश थोडे आहेत. सातारा आणि सांगली त्यांपैकी होत. महाबळेश्वर येथे २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमारास पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर दरडी कोसळून जीवितहानी झाली. वाचलेल्या कुटुंबांना कोयनानगर परिसरात आश्रय घ्यावा लागला. याच कोयनानगर परिसराने ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही सोसला आहे. त्यात सुमारे १८० माणसे दगावली होती.

सांगली शहरात पुराचे मोजमाप आयर्विन पुलाच्या पातळीवरून होते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ मध्ये कृष्णेचे पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर पोहोचले आणि २०२१ मध्ये पुन्हा ते ५५ फुटांच्या आसपास होते. २०१९ च्या पुरात सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांतून मिळून चार लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले.

याच दोन जिल्ह्यांच्या पूर्व भागात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत, दुष्काळ वारंवार मुक्कामाला असतो. त्यामुळे शासनाची मदत एकाच जिल्हाधिकारी कार्यालयातून कधी बोटींसाठी, तर कधी टँकरसाठी काढावी लागते.

निधी येतो कोठून?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये संमत झाला. त्यापूर्वी 'आपत्ती निवारण निधी' या नावाने मदतीची रक्कम ठेवली जात असे. तेराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २०१०-११ पासून त्याची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीने घेतली. महाराष्ट्रासारख्या राज्यांत या निधीचा ७५ टक्के वाटा केंद्र सरकार आणि २५ टक्के वाटा राज्य सरकार उचलते. केंद्राचा वाटा वर्षातून दोन हप्त्यांत येतो. राज्याच्या अर्थसंकल्पात हा खर्च '२२४५ - नैसर्गिक आपत्तीच्या निवारणार्थ सहाय्य' या मुख्य लेखाशीर्षाखाली दिसतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांना मिळून १ लाख ६० हजार १५३ कोटी रुपयांची शिफारस केली होती. तिची विभागणी समजून घेण्याजोगी आहे. प्रत्येक १०० रुपयांपैकी २० रुपये आपत्ती सौम्य करण्याच्या कामांसाठी आणि ८० रुपये प्रतिसादासाठी ठेवण्यात आले. या ८० रुपयांपैकी ४० रुपये तातडीच्या मदतीसाठी, ३० रुपये पुनर्बांधणीसाठी आणि १० रुपये पूर्वतयारीसाठी होते. महाराष्ट्राच्या वाट्याला २०२०-२१ मध्ये केंद्र व राज्य मिळून ४ हजार २९६ कोटी रुपये निश्चित झाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने राज्याला दुसऱ्या हप्त्यापोटी १ हजार ५६६ कोटी ४० लाख रुपये आगाऊ मंजूर केले.

आपत्ती मोठी असेल आणि राज्याचा निधी अपुरा पडत असेल, तर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीकडे मागणी करता येते. त्यासाठी राज्याने निवेदन पाठवावयाचे, केंद्रीय पथकाने पाहणी करावयाची आणि अखेरीस उच्चस्तरीय समितीने रक्कम मंजूर करावयाची, असा क्रम आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्याने केंद्राकडे ६ हजार ८१३ कोटी रुपयांची मागणी केली. त्यापैकी ४ हजार ७०८ कोटी रुपये कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांसाठी होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यातील पुरांसाठी महाराष्ट्राला ९५६ कोटी ९३ लाख रुपये मंजूर झाल्याचे ६ जानेवारी २०२० रोजी जाहीर झाले. ऑगस्टमधील पुराच्या मदतीवर जानेवारीत शिक्कामोर्तब झाले. २०२१ मधील पूर व दरडींसाठीचे ३५५ कोटी ३९ लाख रुपयेही मार्च २०२२ मध्ये मंजूर झाले.

याखेरीज मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी हे दोन मार्ग आहेत. ते प्रामुख्याने देणग्यांवर चालतात. मृतांच्या वारसांना मिळणारी जादा रक्कम पुष्कळदा याच निधींतून दिली जाते.

निकष आणि दर

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कोणत्या बाबीवर किती खर्च करता येईल, हे केंद्रीय गृह मंत्रालय ठरवून देते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांतील माणसांशी थेट संबंध असलेले मुख्य दर पुढीलप्रमाणे होते.

- मृताच्या वारसांना : ४ लाख रुपये
- अवयव वा डोळा निकामी होऊन ४० ते ६० टक्के अपंगत्व आल्यास : ७४ हजार रुपये
- ६० टक्क्यांहून अधिक अपंगत्व आल्यास : २ लाख ५० हजार रुपये
- गंभीर दुखापतीमुळे एक आठवड्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागल्यास : १६ हजार रुपये
- एक आठवड्याहून कमी काळ राहावे लागल्यास : ५ हजार ४०० रुपये
- घर वाहून गेल्यास वा पाण्यात बुडाल्यास कपड्यांसाठी प्रतिकुटुंब २ हजार ५०० रुपये आणि भांड्यांसाठी २ हजार ५०० रुपये
- पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये
- झोपडीसाठी : ८ हजार रुपये
- दुभत्या जनावरासाठी : ३७ हजार ५०० रुपये

निवारा छावण्यांतील निवास, अन्न, कपडे व औषधोपचार, पिण्याच्या पाण्याचा तातडीचा पुरवठा, शोध व बचावकार्य या बाबी मात्र 'प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे' या सदरात मोडतात. त्यांची गरज राज्य कार्यकारी समितीने ठरवावयाची असते. छावण्यांचा खर्च साधारणपणे ३० दिवसांपर्यंत मान्य होतो, अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत वाढविता येते.

हा तक्ता बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. घर, भांडे, कपडा, जनावर, शेत या प्रत्येकाला स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र दर आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला हलविणारी माणसे, अंधाला छावणीत सोबत, बाळंतिणीला वेगळी जागा, भेदरलेल्या मुलाला धीर देणारा समुपदेशक, मधुमेहाच्या रुग्णाची रोजची औषधे यांना अशी ओळ नाही. हा खर्च करता येत नाही असे नव्हे. तो करावा की करू नये, हे त्या त्या वेळच्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर आणि हाताशी असलेल्या रकमेवर अवलंबून राहते.

गळून पडलेली ओळ

ही स्थिती पूर्वीपासून अशीच होती असे नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. त्यात धडधाकट माणसाला काम आणि काम करू न शकणाऱ्याला मोफत मदत, असा भेद स्पष्टपणे मांडला होता. त्यावरून निरनिराळ्या प्रांतांच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्या वसाहतीच्या सरकारच्या काटकसरीने भरलेल्या होत्या, तरी दुर्बल माणूस ही स्वतंत्र वर्गवारी त्यांनी मान्य केली होती.

ही वर्गवारी स्वातंत्र्यानंतरही टिकली. २००५ ते २०१० या काळासाठीच्या आपत्ती निवारण निधीच्या निकषांत वृद्ध, दुर्बल, निराधार आणि मुले यांच्यासाठी स्वतंत्र बाब होती. प्रौढास दररोज २० रुपये आणि मुलास १५ रुपये असा तिचा दर होता. रक्कम तुटपुंजी होती, परंतु यादीत त्या माणसांचे नाव होते. पुढील निकषांत 'ज्यांच्या उपजीविकेवर गंभीर परिणाम झाला आहे अशी कुटुंबे' ही संज्ञा रूढ झाली. २०१५ ते २०२० च्या निकषांत या कुटुंबांना प्रौढामागे दररोज ६० रुपये आणि मुलामागे ४५ रुपये देण्याची तरतूद होती. २०२२ च्या निकषांनी ही मदत कुटुंबातील दोन प्रौढ व्यक्तींपुरती, रोजगार हमीच्या मजुरीदराशी जोडली. दर वाढला हे चांगले झाले. पण या प्रवासात म्हातारा, अपंग, अनाथ हे शब्द मागे पडले आणि 'कुटुंब' तेवढे उरले. ज्याला कुटुंबच नाही, किंवा कुटुंबात असूनही ज्याच्या हाती पैसा पडत नाही, त्याची सोय या व्याख्येत सहजासहजी बसत नाही.

कायदा काय म्हणतो?

निकष मौन असले तरी कायदा मौन नाही. मूळ आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम १२ नुसार राष्ट्रीय प्राधिकरणाने मदतीची किमान मानके ठरवावयाची होती. त्यात निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सेवा व स्वच्छता यांच्याबरोबरच विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतुदी तसेच जीवितहानी व घराच्या नुकसानीबद्दल सानुग्रह साहाय्य यांचा उल्लेख होता. कलम ६१ नुसार मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. कोविडच्या साथीत मरण पावलेल्यांच्या वारसांना साहाय्य देण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने जून २०२१ मध्ये कलम १२ बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर प्रत्येक मृतामागे ५० हजार रुपये राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून देण्यात आले.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ही किमान मानके प्रसिद्ध केली. त्यांनुसार छावणीत प्रत्येकास साडेतीन चौरस मीटर जागा, दररोज किमान तीन लिटर पिण्याचे पाणी, प्रौढास २ हजार ४०० उष्मांकांचे अन्न आणि ३० माणसांमागे एक स्वच्छतागृह असावे. आपत्तीत विधवा झालेल्या स्त्रिया आणि अनाथ झालेली मुले यांची छावणीत स्वतंत्र नोंदवही ठेवावी, विधवेला पतीच्या मृत्यूचे प्रमाणपत्र १५ दिवसांत आणि आर्थिक साहाय्य ४५ दिवसांत मिळावे, असेही त्यात म्हटले आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८ ने आणखी एक जबाबदारी टाकली आहे. जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठेवावी आणि आपत्तीच्या काळात त्यांना समान संरक्षण द्यावे, असे हे कलम सांगते.

पंचनाम्यापासून खात्यापर्यंत

पाणी ओसरले की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्या संयुक्त पंचनाम्याने मदतीची प्रक्रिया सुरू होते. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकास ग्रामपंचायत अधिकारी असे पदनाम आहे. पंचनामे तहसीलदारांकडे जमा होतात, तेथून उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी आणि पुण्याचे विभागीय आयुक्त या क्रमाने मागणी मंत्रालयातील मदत व पुनर्वसन विभागाकडे जाते. शासन निर्णय निघून निधी वितरित झाला की रक्कम थेट बँक खात्यात जमा होते.

थेट खात्यात जमा करण्याच्या पद्धतीने मधल्यामधे होणारी गळती कमी झाली. मात्र ही पद्धत ज्याच्याकडे कागद आहे त्याच्यासाठी सोपी आहे. घर ज्याच्या नावावर, शिधापत्रिका ज्याच्या नावावर आणि खाते ज्याच्या नावावर, त्याच्यापर्यंत मदत पोहोचते. वाटणी न झालेल्या घरात मागच्या खोलीत राहणारी विधवा, करारपत्राविना भाड्याने राहणारे कुटुंब, नदीकाठी पाल ठोकून राहणारे भटके लोक यांचे नुकसान खरे असते, पण ते सिद्ध करणारा कागद नसतो. असलेला कागदही पुरात भिजून जातो. खात्याची ओळख पटविताना वृद्धांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, ही अडचण तर गावोगावची आहे.

२०१९ आणि २०२१ : राज्याचे निर्णय

केंद्राचे निकष अपुरे पडतात, याची कबुली राज्य शासनाच्याच निर्णयांतून मिळते. २०१९ च्या पुरानंतर राज्याने पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपयांची मदत जाहीर केली. त्यापैकी ५ हजार रुपये रोख आणि उर्वरित रक्कम खात्यात, अशी पद्धत ठरली. बँका व एटीएम बंद असताना रोख रकमेचा हा निर्णय अत्यंत उपयोगी ठरला. त्याच वेळी मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असण्याची अट घातलेल्या शासन निर्णयावर मोठी टीका झाली. एक दिवस पाण्यात असलेल्या चुलीवरही स्वयंपाक होत नाही, एवढी साधी बाब त्या अटीने विसरली होती.

२०२१ मध्ये ३ ऑगस्ट रोजी राज्य मंत्रिमंडळाने ११ हजार ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. त्यात तातडीच्या मदतीसाठी १ हजार ५०० कोटी, पुनर्बांधणीसाठी ३ हजार कोटी आणि दीर्घकालीन उपाययोजनांसाठी ७ हजार कोटी रुपये होते. प्रत्येक बाधित कुटुंबास कपड्यांसाठी ५ हजार व भांड्यांसाठी ५ हजार, पूर्णतः पडलेल्या घरास दीड लाख, दुकानदारास ५० हजारांपर्यंत आणि टपरीधारकास १० हजारांपर्यंत असे वाढीव दर ठरले. आकडे पुष्कळ मोठे आहेत. परंतु या बाबींतही घर, दुकान आणि टपरी आहेत. छावणीतील शुश्रूषा, औषधे आणि सोबत यांचा भार मुख्यतः सार्वजनिक आरोग्य विभाग, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवी संस्था यांनीच वाहिला. यांतील अनेक सेविकांची स्वतःची घरेही पुरात होती.

दुष्काळी भागातील विरोधाभास

पुराइतकेच उद्बोधक उदाहरण पूर्व भागातील दुष्काळाचे आहे. २०१८-१९ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत परिसरात जनावरांच्या चारा छावण्या उघडण्यात आल्या. मोठ्या जनावरामागे मिळणारे दैनिक अनुदान मे २०१९ मध्ये १०० रुपये आणि लहान जनावरामागे ५० रुपये करण्यात आले. त्याच काळात लागू असलेल्या केंद्राच्या निकषांत आपद्ग्रस्त प्रौढ माणसाच्या निर्वाहासाठीचा दर ६० रुपये होता. जनावरांचा दर जास्त होता असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. दावणीचे जनावर जगले तरच घर उभे राहते, हे माणदेशाला शिकवावे लागत नाही. प्रश्न माणसाच्या दराचा आहे.

छावणीत जनावरांबरोबर घरातील कर्ती माणसे मुक्कामाला जातात आणि घरी वृद्ध व मुले राहतात. म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने चालविलेल्या छावणीत २०१२-१३ च्या दुष्काळात हजारो जनावरांबरोबर शेतकरी कुटुंबेही महिनोन् महिने राहिली होती. जनावरामागे अनुदान मोजणाऱ्या हिशेबात या माणसांच्या अन्नाचा, मुलांच्या शाळेचा आणि मागे राहिलेल्या वृद्धांच्या पाण्याचा खर्च वेगळा दाखविलेला नसतो.

विसापूरने घालून दिलेला पाठ

आपत्तीतील मदत हा हक्क होऊ शकतो आणि त्यासाठी आधीच पैसा बाजूला काढता येतो, याचे देशातील महत्त्वाचे उदाहरण याच भागात घडले. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर राबविण्यात आली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या योजनेची दोन वैशिष्ट्ये आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे, की तिच्यासाठी व्यवसाय कराच्या रूपाने स्वतंत्र पैसा उभा करण्यात आला आणि राज्य शासनाने त्यात तेवढीच भर घालावयाची, असे ठरले. दुष्काळ पडल्यावर हात पसरण्याची गरज राहिली नाही. दुसरे असे, की कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर या सोयी नियमांतच लिहिल्या गेल्या. मूल सांभाळणारी बाई हा कामाच्या खर्चाचा भाग ठरला. अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या, अनेक ठिकाणी पाळणाघरे कागदावर राहिली, हे खरे आहे. तरीही सेवेला नाव आणि खर्चाला ओळ मिळाली होती, म्हणूनच ती मागता येत होती. २००५ मध्ये केंद्राने देशव्यापी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यातही पाळणाघराची ही तरतूद आली.

आपत्ती प्रतिसादाच्या निधीत असाच बदल अवघड नाही. निवारा छावणीच्या खर्चात शुश्रूषा, ने-आण, समुपदेशन आणि दुर्बलांची सोबत या बाबी नावाने लिहिल्या आणि त्यांचा दर ठरविला, तर जिल्हाधिकाऱ्यांना परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. पूर्वतयारीसाठी ठेवलेल्या दहा टक्क्यांच्या वाट्यातून हा खर्च पावसाळ्यापूर्वी सुरू करणेही शक्य आहे.

गावाच्या हाती काय आहे?

मोठ्या निधीची वाट न पाहता गाव आणि तालुका पातळीवर करता येण्याजोग्या गोष्टीही आहेत. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी आणि १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. वर्षअखेरीस ही रक्कम पुष्कळदा वस्तुवाटपात संपते. नदीकाठच्या आणि दरडप्रवण गावांनी तिचा काही भाग स्ट्रेचर, चाकाची खुर्ची, वाहनाचे भाडे आणि औषधांचा साठा यांसाठी राखून ठेवल्यास पहिल्या चोवीस तासांचा प्रश्न सुटू शकतो.

दुसरी गोष्ट यादीची. दुर्बल माणसे कोण, हे शोधण्यासाठी नवे सर्वेक्षण लागत नाही. १९८० पासून सुरू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेची आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची गावनिहाय यादी प्रत्येक तहसील कार्यालयात असते. या योजनांचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १ हजार ५०० रुपये झाले, तर २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थींसाठी ते २ हजार ५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. गरोदर स्त्रियांची नोंद आशा कार्यकर्तीकडे आणि सहा वर्षांखालील मुलांची नोंद अंगणवाडीत असते. या तीन नोंदी मे महिन्यात एकत्र ठेवल्या, तर जूनमध्ये आधी कोणाच्या दारात जावयाचे हे गावाला ठाऊक असेल. शिवाय या लाभार्थींची बँक खाती शासनाकडे आधीच नोंदलेली आहेत. आपत्ती जाहीर होताच त्यांच्या खात्यात एका महिन्याचे अनुदान आगाऊ जमा करण्यास वेगळ्या पंचनाम्याची गरज नाही.

आपद्ग्रस्तांनी काय करावे?

- पुराचा इशारा मिळताच आधार कार्ड, शिधापत्रिका, बँक पासबुक, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावी. सर्वांची छायाचित्रे भ्रमणध्वनीत काढून ठेवावीत.
- मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. घरात चालू न शकणारी व्यक्ती असल्यास तसे पहिल्याच दूरध्वनीत सांगावे.
- छावणीत नाव नोंदविताना प्रत्येक व्यक्तीचे वय, आजार, गरोदरपण आणि अपंगत्व यांची नोंद करून घ्यावी. विधवा आणि अनाथ मुलांची स्वतंत्र नोंद मागावी.
- पंचनाम्याच्या वेळी घरात राहणाऱ्या सर्व चुलींचा उल्लेख करून घ्यावा. पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. भाडेकरूंनी वीजबिल वा शेजाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून द्यावा.
- मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला व वारसांची कागदपत्रे, आणि जनावर दगावल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आवश्यक असतो. प्रेत किंवा जनावर हलविण्यापूर्वी तलाठ्यास कळविणे हिताचे.
- बोटांचे ठसे जुळत नसल्यास तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

कृष्णा, कोयना आणि येरळा यांच्या काठी पावसाळा दरवर्षी येणार आहे आणि माणदेशात पाण्याची ओढही राहणार आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ मार्च २०२६ अखेरीपुरता होता. त्यापुढील वर्षांचे निकष अमलात येताना २००५ च्या यादीतील वृद्ध, दुर्बल, निराधार आणि मुले हे चार शब्द त्यांत पुन्हा लिहिले जातात किंवा कसे, याकडे या दोन जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.